परवाने आहेत, तरी नोटीस आली? या चुका टाळा

मसाल्याचा छोटा कारखाना. ऑफिसात गणपतीच्या तसबिरीशेजारी पाच-सहा फ्रेम ओळीने टांगलेल्या. मालक कौतुकाने म्हणतात, "बघा, सगळं आहे आपल्याकडे." मी जवळ जाऊन एकेक वाचायला लागतो. शॉप अ‍ॅक्टवर जुन्या गाळ्याचा पत्ता आहे. जीएसटीत मागच्या गल्लीतल्या गोदामाचा पत्ताच नाही. अन्न परवान्यात धंद्याचा प्रकार 'ट्रेडर' लिहिलाय आणि भिंतीपलीकडे मिरची दळल्याचा आवाज येतोय. यातला एकही कागद खोटा नाही. सगळे जुने झालेत, एवढंच.

छोट्या प्रायव्हेट लिमिटेड कंपन्यांच्या फायली बघताना हा प्रकार मला सारखा भेटतो. परवाना काढायचा राहिला असं क्वचित होतं. काढला, फ्रेम केला आणि विसरला, असं मात्र बरेचदा होतं.

पोर्टल तुमचं, मोबाइल नंबर दुसऱ्याचा

सगळ्यात महाग पडणारी चूक ही, आणि ती पहिल्याच दिवशी होते. नोंदणी करणारा मुलगा म्हणतो, "सर, सारखा ओटीपी मागायला नको, माझाच नंबर टाकतो." आपल्यालाही सोयीचं वाटतं. दोन वर्षांनी तो मुलगा नोकरी सोडतो, नंबर बदलतो आणि सरकारची प्रत्येक सूचना एका बंद सिमकडे जात राहते.

एका कंपनीचं असंच झालं. जीएसटी रिटर्न सहा महिने भरलेच गेले नव्हते, नोटीस निघाली, मुदत संपली, नोंदणी रद्द झाली. मालकांना कळलं ते गिऱ्हाइकाच्या फोनवरून: "तुमचा जीएसटी नंबर कॅन्सल दाखवतोय, आमचं टॅक्स क्रेडिट अडकेल, पेमेंट थांबवलंय." नोटीस हातात मिळाली नाही, हा त्यांचा मुद्दा होता. पण पोर्टलवर टाकलेली नोटीस ही कायद्याने बजावणीची मान्य पद्धत आहे, त्यामुळे नुसत्या त्या मुद्द्यावर सुटका होईल या भरवशावर राहू नका.

म्हणून दर सोमवारी दहा मिनिटं काढून स्वतः लॉगिन करा. जीएसटी पोर्टलवर नोटिसांचे दोन वेगळे कप्पे आहेत, 'व्ह्यू नोटिसेस अँड ऑर्डर्स' आणि 'व्ह्यू अ‍ॅडिशनल नोटिसेस अँड ऑर्डर्स'. लोक पहिला उघडतात, रिकामा बघून निर्धास्त होतात आणि नोटीस दुसऱ्यात पडून असते. दोन्ही उघडा.

जुन्या माणसाकडून पासवर्ड मिळतच नसेल तर भांडत बसू नका. कंपनीची कागदपत्रं आणि अधिकृत सहीदाराचा पुरावा घेऊन आपल्या हद्दीच्या जीएसटी अधिकाऱ्याकडे अर्ज करा, त्याला ईमेल आणि मोबाइल बदलून देता येतो. पुढे कंपनीच्या नावाने एक सिम आणि एक ईमेल ठेवा, जो कुठल्याही माणसाबरोबर निघून जाणार नाही.

गाळा बदलला, कागद तिथेच

लिव्ह अँड लायसन्सचा करार अकरा महिन्यांचा, परवाने कित्येक वर्षांचे. त्यामुळे पत्ता बदलणार हे ठरलेलंच. जीएसटीत पत्ता बदलला किंवा नवं गोदाम घेतलं तर १५ दिवसांत दुरुस्ती अर्ज करायचा असतो. "चार पोती तर ठेवलीत" असं म्हणून गोदाम नोंदवायचं टाळू नका. तपासणीत तो माल हिशेबाबाहेरचा वाटतो आणि मग तो आपला कसा, हे आपल्याला सिद्ध करत बसावं लागतं.

कंपनीचं नोंदणीकृत कार्यालय हलवलं तर कंपनी निबंधकाकडे ३० दिवसांत आयएनसी-२२ फॉर्म जातो. अन्न परवाना प्रत्येक जागेचा वेगळा. एका छताखाली दळता आणि दुसऱ्या छताखाली पॅकिंग करता, तर परवाने दोन. शॉप अ‍ॅक्ट, बँक, पीएफ यांची यादी घर बदलताना करतो तशीच करा, टेम्पो बोलवायच्या आधी.

न मागता मिळालेला नंबर

हे नव्या कंपन्यांना कुणी सांगत नाही. २०२० पासून कंपनी नोंदवतानाच पीएफ आणि ईएसआयचे (कामगारांच्या आरोग्य विम्याचे) क्रमांक मिळतात, आणि महाराष्ट्रात व्यवसाय कराचेही. पीएफची सक्ती साधारणपणे २० कर्मचाऱ्यांपासून आणि ईएसआयची १० पासून, त्यामुळे लोक सगळेच क्रमांक कपाटात टाकतात. व्यवसाय कराला मात्र ही सवलत नाही. पगारातून कापायच्या कराच्या नोंदणीचं, म्हणजे पीटीआरसीचं, रिटर्न वेळेत भरावं लागतं. उशीर झाला तर एका रिटर्नला १,००० रुपयांपर्यंत विलंब शुल्क. कर शून्य असताना हे रिटर्न आपल्याला लागतं का, हे आधीच तपासून घ्या.

शिवाय पीटीईसी, म्हणजे ज्याने त्याने स्वतःचा भरायचा व्यवसाय कर, वेगळा: कंपनीचे वर्षाला २,५०० रुपये, ३० जूनपर्यंत. संचालकाच्या पगारातून व्यवसाय कर कापला जात नसेल तर त्याचाही स्वतंत्र. आणि आयएनसी-२०ए हा धंदा सुरू केल्याचा फॉर्म स्थापनेपासून १८० दिवसांत. तो राहिला तर कंपनीला ५०,००० रुपये दंड, संचालकांना वेगळा. एका पानाचा फॉर्म आहे!

उद्यमचा कागद म्हणजे परवाना नव्हे

तपासणीला आलेल्या माणसापुढे उद्यम प्रमाणपत्र ठेवणारे मी पाहिलेत. उद्यम ही सूक्ष्म-लघु उद्योग असल्याची नोंद आहे. त्याने ना दुकान चालवायची परवानगी मिळते, ना अन्न विकायची. ती सरकारी संकेतस्थळावर फुकट होते आणि तिला नूतनीकरण नाही. 'उद्यम रिन्यू करा, अमुक फी भरा' असा मेसेज आला तर सरळ पुसून टाका.

गुमास्त्याचंही, म्हणजे शॉप अ‍ॅक्टचंही, असंच अर्धवट माहीत असतं. २०१७ च्या कायद्यात दहापेक्षा कमी कामगार असतील तर फक्त सूचना द्यायची आणि दहा झाले की नोंदणी करायची, अशी रेषा होती. ती २० वर नेण्याचा निर्णय २०२५ मध्ये राज्य सरकारने घेतला. रेषा कुठेही असो, माणसं मोजताना कंत्राटदाराची माणसं गाळू नका.

प्रकार चुकला

आता त्या 'ट्रेडर'कडे येऊ. अर्ज भरताना जो प्रकार सोपा दिसतो तो निवडला जातो. पण माल आणून तसाच विकणं, पोत्यातून काढून छोट्या पाकिटात भरणं आणि दळून मसाला करणं ही अन्नसुरक्षेच्या लेखी तीन वेगळी कामं आहेत. परवानाधारक उत्पादक असाल तर दरवर्षी ३१ मेपर्यंत वार्षिक रिटर्नही येतं, उशिराला रोज १०० रुपये. पाकिटावर अन्न परवान्याचा १४ अंकी क्रमांक छापला म्हणजे झालं, असं नाही. पाकिटात भरणाऱ्याला वजनमापं तपासणाऱ्या वैधमापन विभागाकडे पॅकर म्हणून ९० दिवसांत नोंदणी करावी लागते, आणि इलेक्ट्रॉनिक काट्याचं पासिंग, म्हणजे सरकारी तपासणी, दरवर्षी असतं.

पाटी आणि लाल सिलिंडर

पाटी मराठीत, देवनागरीत, आणि ती अक्षरं इतर भाषेतल्या अक्षरांपेक्षा लहान नकोत. दुकानांच्या कायद्यातली ही अट सगळ्यांना ठाऊक आहे. पण कंपनी कायद्यातही प्रत्येक कार्यालयाबाहेर कंपनीचं नाव आणि नोंदणीकृत पत्ता स्थानिक लिपीत लावायला सांगितलंय, हे सांगितलं की लोक चकित होतात.

आगीच्या बाबतीत महाराष्ट्राच्या २००६ च्या कायद्यानुसार यंत्रणा चालू असल्याचं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र, म्हणजे 'फॉर्म बी', दर जानेवारीत आणि जुलैत द्यावं लागतं. इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये हे काम मालकाचं की भाडेकरूचं, यावर दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात. कायदा दोघांनाही धरतो. भाडेकरारात एक ओळ घालून घ्या.

आधीच उशीर झाला असेल तर

आधी पाहा, दिवसाला वाढणारा दंड कुठला आणि एकदाच लागणारा कुठला. एओसी-४ आणि एमजीटी-७ या कंपनीच्या वार्षिक फॉर्मना प्रत्येकी रोज १०० रुपये लागतात, आणि त्याला वरची मर्यादा नाही. हे आधी मिटवा. जीएसटी रद्द झाला असेल तर आदेश मिळाल्यापासून ९० दिवसांत पुनरुज्जीवनाचा अर्ज करता येतो, कारण दाखवून आणखी १८० दिवसांपर्यंत मुदत वाढून मिळू शकते. पण त्याआधी थकलेली रिटर्न भरलेली हवीत.

मागच्या तारखेचे करार, मागच्या तारखेच्या सह्या या वाटेला जाऊ नका. स्टॅम्प पेपरवर विक्रीची तारीख छापलेली असते.

त्या मसालेवाल्यांना मी एकच काम दिलं. सगळ्या फ्रेम खाली उतरवून एका वहीत पाच रकाने पाडायचे: परवाना, त्यावरचा पत्ता, लिहिलेला धंदा, मोबाइल नंबर, पुढची तारीख. वही भरायला त्यांना दोन दिवस लागले, कारण तीन पोर्टलवरचे मोबाइल नंबर नेमके कुणाचे, हे ऑफिसात कुणालाच सांगता येईना.