कार नसताना कार्यक्रमाचं सामान कसं न्यायचं
आधी बघा काय न्यायची गरजच नाहीये, पाणी तर अजिबात नेऊ नका, २० लिटरचा एक जार म्हणजे २० किलो, रिकामे जार न्या आणि तिथेच भरा. बाकीचं सायकलच्या ट्रेलरवर, म्हणजे सायकलच्या मागे जोडायच्या छोट्या गाड्यावर, आरामात जातं, फक्त जड वस्तू खाली आणि ट्रेलरच्या चाकांच्या एक्सलच्या (दोन्ही चाकांना जोडणाऱ्या दांड्याच्या) किंचित पुढे ठेवा, मागे ठेवल्या तर ट्रेलर सायकलचं मागचं चाक वर उचलतो आणि ब्रेक मारताना गडबड होते, हे खरंच सिरियसली घ्या. फोल्डिंग टेबल आडवं झोपवून पट्ट्याने आवळा, लोंबणारी टोकं बांधा नाहीतर चाकात अडकतात. बॅनर गुंडाळून पाठीवर. आणि परतीला कोण येणार ते आधीच ठरवा, कार्यक्रम संपला की माणसं पटकन पांगतात.