ओट्याच्या दोन फळ्यांचा सांधा, फट न दिसेल असा

लॅमिनेटच्या फळ्यांच्या सांध्याला खरा धोका पाण्याचा. केसाएवढी फट राहिली तरी पाणी आतल्या चिपबोर्डात (लाकडाचा चुरा दाबून केलेल्या बोर्डात) झिरपतं, तो फुगतो आणि कड वर येते. फुगलेला बोर्ड पुन्हा बसत नाही, कितीही दाबा.

त्यामुळे सांधा सिंक किंवा शेगडीच्या खाचेपासून निदान 30 सेंमी लांब ठेवा आणि त्याच्या खाली कपाटाचा आधार येऊ द्या.

कोपरा काटकोनात आहे असं धरून चालू नका. कोपऱ्यापासून एका भिंतीवर 60 सेंमी, दुसरीवर 80 सेंमीवर खूण करा. दोन खुणांमधलं अंतर बरोबर 100 सेंमी भरायला हवं. जास्त भरलं तर कोपरा उघडा आहे. तो फरक कापातच काढायचा; फिलरने (फट बुजवायच्या लगद्याने) लपवलेली फट काही दिवसांत उघडी पडते.

पुढची कड गोल असेल तर सरळ कापलेली दुसरी फळी तिला चिकटून बसणारच नाही. नवख्याने थेट ॲल्युमिनियमची जोडपट्टी घ्यावी. दिसते, पण चुका पोटात घालते. पट्टी नकोच असेल तर राउटर (लाकूड कोरून कापणारं यंत्र) आणि जिग (त्याला वाट दाखवणारा साचा) लागेल. दर फेरीला 8 ते 10 मिमीच खोल जा. राउटर गोल कडेतून आत शिरला पाहिजे. तिथून बाहेर पडला तर लॅमिनेटचा टवका उडतो, तोही अगदी दर्शनी बाजूला. म्हणून दोनपैकी एक फळी उलटी ठेवून कापावी लागते.

आता गोंद न लावता कोरडी जोडणी. 60 सेंमी रुंदीला खालून, दोन्ही फळ्या एकमेकींकडे ओढणारे 3 बोल्ट. सांध्यावरून आडवं नख फिरवा. अडकलं तर खालच्या फळीखाली पातळ पाचर सरकवा आणि पुन्हा तपासा. इथे घाई करणाऱ्याचा सांधा पुढे हमखास बिघडतो.

जुळलं की सोडवा. कापलेल्या कडांना वॉटरप्रूफ गोंदाचा हात देऊन वाळू द्या. मग वरच्या कडेला लॅमिनेटच्या रंगाचा फिलर लावा, फळ्या भिडवा आणि बोल्ट पुढून मागे, थोडे थोडे आळीपाळीने आवळा. फिलर पूर्ण लांबीभर बारीक रेघेसारखा वर आला पाहिजे. जिथे आला नाही तिथे फट आहे. जादा फिलर त्याच्याच सॉल्व्हंटने लगेच पुसा, तो मिनिटांत कडक होतो. भिंतीकडच्या कडेला सिलिकॉन मात्र दुसऱ्या दिवशी.