बापाची बंदूक, लेकाची जागल: परवान्यातल्या या चुका टाळा

सातबाऱ्यावर वारस लागतो, तसा बंदुकीच्या परवान्यावरही लागत असेल, असं आमच्या हिंगोलीकडं बऱ्याच जणांना वाटतं. लागत नाही. घोळ तिथंच सुरू होतो.

माझ्या चुलत्याचंच बघा. ठासणीची बंदूक, पीकसंरक्षणाचा परवाना, दोन्ही त्यांच्या नावावर. गुडघे गेले तसा हरभऱ्याच्या जागलीला थोरला पोरगा मचाणावर बसू लागला. खिशात बापाच्या परवान्याची झेरॉक्स, तीही घडीवर फाटलेली. गस्तीवरल्या जमादारानं बॅटरी मारून विचारलं, "यात तुझं नाव कुठंय?" बंदूक ठाण्यात गेली, पोरगा कोर्टाच्या तारखांना.

वाट होती की! शस्त्र नियम 2016 प्रमाणे परवानाधारकाला 70 वर्षं झाली किंवा हत्यार बाळगून 25 वर्षं झाली, यातलं जे आधी घडेल तेव्हा त्याच्या हयातीतच वारसाला परवाना मागता येतो. वारसात मुलगा-मुलगीच नाही, सून-जावईही बसतात. चुलते तर 74 वर्षांचे! अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडं, छत्रपती संभाजीनगर शहरात पोलीस आयुक्तांकडं. वय 21 पूर्ण हवं. फाईल अडते ती बाकीच्या वारसांच्या ना-हरकत शपथपत्रावर. बहीण पुण्यात, भावाशी बांधावरून बोलणं बंद. आधी ते जमवा, मग चकरा मारा.

बाप वारल्यावर बंदूक माळ्यावर टाकून ठेवणं ही त्याहून मोठी चूक. लगेच ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडं जमा करा, पावती घ्या.

आणि बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीची परवानगी नव्हे. वन्यजीव कायदा 1972 च्या कलम 11 खाली वनविभागाची लेखी परवानगी वेगळी काढावी लागते, तीही ठरावीक जनावरासाठी, ठरावीक शिवारापुरती. रोही (नीलगाय), रानडुकरासाठी मिळू शकते. काळविटासाठी मागूच नका. ते अनुसूची 1 मध्ये, म्हणजे कायद्यातल्या सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहे, तिथं पिकाच्या नुकसानीचं कारण चालत नाही. सातबारा आजीच्या नावावर असला तरी अर्जात गोळी झाडणाऱ्याचंच नाव लिहा. मारलेल्या डुकराचे वाटे घालू नका, परवानगीनं मारलेलं जनावरही सरकारी मालमत्ता असतं.

पोरावर केस आहे म्हणून चुलत्यांनी आता सुनेच्या नावानं अर्ज भरलाय. हत्यार हाताळण्याचं प्रशिक्षण ती घेतेय. तोवर रात्री डबडं बडवणं चालू आहे.