शिकारी पिल्लासाठी प्रशिक्षक निवडताना

अमेरिकेत पॉइंटर, ब्रिटनी किंवा जर्मन शॉर्टहेअर्ड पॉइंटर अशा, लपलेला पक्षी वासाने हेरून जागीच थांबून शिकाऱ्याला दाखवणाऱ्या कुत्र्यांच्या जातीचे पिल्लू काही महिने व्यावसायिक प्रशिक्षकाकडे ठेवण्याची पद्धत आहे. मात्र आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी त्याने तयार केलेले कुत्रे मैदानात काम करताना स्वतः पाहावेत. पक्ष्याचा वास लागताच एक पाय उचलून जागीच थिजलेल्या कुत्र्याची शेपटी प्रशिक्षक जवळ येताना ताठ राहते की खाली जाते, यावरून शिकवण्याची पद्धत बरीचशी कळते. शेपटी पाडून, कान मागे घेऊन उभा राहणारा कुत्रा बहुधा धाकाने शिकलेला असतो.

बंदुकीच्या आवाजाची ओळख कशी करून देता, हे अवश्य विचारावे. पिल्लू उडत्या पक्ष्यामागे भान हरपून धावत असताना दूरवर हलका बार काढायचा आणि त्याने वळूनही पाहिले नाही, तरच पुढच्या वेळी अंतर कमी करायचे, असे उत्तर मिळायला हवे. थेट नेमबाजीच्या मैदानावर नेऊन सवय लावणाऱ्याकडे पिल्लू मुळीच सोपवू नये, कारण एकदा बसलेली धास्ती घालवणे फार अवघड असते (आणि ती घालवण्याचे पैसे पुन्हा आपल्यालाच मोजावे लागतात).

सरावासाठी लागणाऱ्या कबुतरांचा आणि लावा पक्ष्यांचा खर्च मासिक शुल्कात धरला आहे का, हे लेखी घ्यावे. शेवटच्या आठवड्यात कुत्र्याला बांधलेली सरावाची लांब दोरी मालकाच्या हाती देऊन त्यालाही शिकवणारा प्रशिक्षक मिळाला, तर थोडे जास्त शुल्क द्यायला हरकत नाही.