बुलेट-क्लासिकचा पिकअप वाढवायचाय? आधी या चुका टाळा

साखरपा सोडलं की आंबा घाटाची चढण लागते आणि तिथंच माझी रॉयल एनफिल्डची क्लासिक ३५० खणखणायला लागली. मागे बायको, दोन्ही बाजूंना सामान, मे महिन्यातली दुपार, तिसऱ्या गिअरला जरा रेस दिली की टाकीखालून असा आवाज यायचा की कुणीतरी पत्र्याच्या डब्यात खडे घालून हलवतंय. आठच दिवसांपूर्वी फ्री-फ्लो (म्हणजे आतून मोकळा) सायलेन्सर आणि हवेचा उघडा कोन फिल्टर, दोन्ही एकाच दिवशी लावून घेतलं होतं, गॅरेजवाला म्हणाला होता "आता बघा कशी पळते", आणि सपाटीला खरंच पळतेय असं वाटत होतं, कारण आवाज वाढला की वेगही वाढल्यासारखा वाटतो. वळणावर सावली बघून गाडी लावली, इंजिन निवू दिलं आणि प्लग काढला तर त्याचं टोक पांढरंफटक, खडूसारखं.

प्लगचा हा रंग ओळखायला शिका, अर्धं गॅरेज तिथंच आहे. फिकट तपकिरी, भाजलेल्या बिस्किटासारखा असेल तर मिक्स्चर, म्हणजे हवा-पेट्रोलचं मिश्रण, बरोबर. काळा कोरडा काजळीचा असेल तर पेट्रोल जास्त जातंय. पांढरा असेल तर हवा जास्त, पेट्रोल कमी, इंजिन आतून तापतंय आणि पेट्रोल ठिणगीच्या आधी किंवा नको तसं पेटतंय, ती खणखण त्याचीच. असंच दामटवत राहिलात तर पिस्टन जातो. माझी चूक साधी होती, हवा आत यायचा आणि बाहेर जायचा रस्ता दोन्हीकडून मोकळा केला पण कार्बोरेटरचे जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारी बारीक भोकं, आहेत तेच ठेवले, म्हणजे जास्तीच्या हवेला पेट्रोल आणायचं कुठून?

तर पहिली चूक हीच, जेट न बदलता सायलेन्सर-फिल्टर बदलणं. आणि दुसरी तिच्याच पोटातली, दोन-तीन बदल एकदम करणं, मग बिघडलं तर कशानं बिघडलं ते देवालाच माहीत. मी घरी येऊन कंपनीचा सायलेन्सर आणि कागदी फिल्टर परत बसवला, पुढच्या महिन्यात तेवढंच ओझं घेऊन तोच घाट तिसऱ्या गिअरला चढलो, एकदाही खणखण नाही. इंजेक्शनवाल्या गाडीला, म्हणजे २०२० पासूनच्या, जेटच नसतात, तिथं कॉम्प्युटर सेन्सर बघून पेट्रोल थोडंफार कमीजास्त करतो पण त्यालाही मर्यादा आहे, शिवाय कंपनीच्या सायलेन्सरमध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो तो काढला की प्रदूषण वाढतं.

कायद्याचंही एकदा बोलून टाकतो. १७५ सीसीच्या वरच्या दुचाकीला कारखान्यातून निघताना आवाजाची मर्यादा ८० डेसिबल आहे, मोठा आवाज काढणारा पंजाब सायलेन्सर त्याच्या कुठल्या कुठे जातो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर गाडीत बेकायदा बदल केला तर प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आणि खरं सांगू, दंडाचं सोडा, आपल्या वाडीत घरं एकमेकांना लागून, दुपारी म्हातारी माणसं पडलेली असतात, पाळण्यात पोर असतं, त्यांच्या दारावरून तो आवाज काढत जाणं मला पटत नाही.

आता पिकअप म्हणजे नेमकं काय हवंय ते ठरवा. जुन्या यूसीई इंजिनाची (इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच घरात असलेलं) क्लासिक ३४६ सीसी, ५२५० आरपीएमला १९.८ बीएचपी, पण टॉर्क २८ न्यूटन मीटर आणि तो ४००० लाच मिळतो. बोअर ७० मिमी आणि स्ट्रोक ९०, म्हणजे हे लांब दमाचं इंजिन, खालून ओढणारं. ५२५० आरपीएमला पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला जवळजवळ पावणेसोळा मीटर होतो, एवढा जड पिस्टन त्याच्या वर पळवत ठेवायचा म्हणजे झीज विकत घेणं. २०२१ च्या नव्या क्लासिकला २०.२ बीएचपी आणि २७ न्यूटन मीटर, म्हणजे आकडे तेच धरून चला. आपल्याकडे रस्ता कसा आहे बघा, वळण, चढ, समोरून लाल डबा, परत वळण. इथं १२० चा टॉप स्पीड काय कामाचा, ४० वरून ७० ला गाडी सुखानं गेली पाहिजे, वळणात हँडल हललं नाही पाहिजे आणि उतारावर जिथं थांबवायची तिथं थांबली पाहिजे, परफॉर्मन्स म्हणतात तो हा.

गाडी थकलीय, आणि तुम्ही पार्ट वाढवताय

ही मला सगळ्यात मोठी चूक वाटते. पाच-सात वर्षं खाऱ्या हवेत राहिलेली गाडी मुळात कंपनीतून आली तेवढीही ताकद देत नसते. चेन सुकलेली, ब्रेक लायनर ड्रमला घासतायत, क्लच प्लेट सुटतायत, फिल्टर जांभ्याच्या लाल धुळीनं भरलेला. मेन स्टँडला लावून मागचं चाक हातानं फिरवा, दोन-तीन फेरे मोकळे फिरलं पाहिजे, लगेच अडलं तर तुमचे घोडे तिथं अडकलेत. चेन खालीवर साधारण २५-३० मिमी हलली पाहिजे, आणि मोजताना चाक फिरवून जिथं सगळ्यात ताठ लागते तिथं मोजा. मग कोनसेट, म्हणजे हँडलचं बेअरिंग, बघा, पुढचं चाक उचलून हँडल हळू फिरवलं आणि मधोमध खटकन अडकलं तर बॉल-रेसर बदलायचे. स्विंगआर्मचे बुश, मागच्या हबमधले रबर, सैल स्पोक, हे सगळं नीट केलं की निम्म्या लोकांना नवीन काही लावायची गरजच उरत नाही.

कार्बोरेटरच्या गाडीत अजून एक जागा हमखास सुटते. कार्ब आणि इंजिन यांच्यामधला रबर पाईप वाळून चिरतो, तिथून चोरटी हवा जाते, मग आयडल वरखाली होतं, रेस सोडली की सायलेन्सर फटफट करतो आणि लोक जेट बदलत बसतात. गाडी आयडलला ठेवून त्या रबरावर कार्ब क्लीनरचा जरासा फवारा मारा (जळणारी वस्तू आहे, गरम सायलेन्सरपासून लांब, उघड्यावर), आरपीएम बदलला की चीर सापडली. सायलेन्सरच्या तोंडाशी गॅस्केट गळत असेल तरी तीच फटफट येते, तेही बघून घ्या.

पडवीत झाकून ठेवलेली गाडी

गणपतीला चाकरमानी येतात, जूनपासून पडवीत झाकून ठेवलेली बुलेट बाहेर निघते, पंधरा किका मारून धाप लागते आणि मग "कार्बोरेटरच बदलून टाकूया" सुरू होतं. थांबा जरा. मी गेल्या खेपेला शेजारच्या काकांच्या गाडीच्या कार्बचा खालचा ड्रेन स्क्रू सोडला, खाली काचेचा ग्लास धरला, पेट्रोल आलं आणि ग्लासच्या बुडाशी पाण्याचा गोळा, पेट्रोलखाली वेगळा दिसणारा, करंगळीच्या नखाएवढा. कार्बची वाटी रिकामी केली, टाकीतलं जुनं पेट्रोल काढून नवीन घातलं, चौथ्या किकला सुरू. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल पाणी ओढतं, आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत तर विचारूच नका. बंद ठेवायच्या आधी पेट्रोलचा कॉक बंद करून कार्ब रिकामा होईपर्यंत इंजिन चालवा. आणि जुन्या जेटवर हे पेट्रोल मिक्स्चर थोडं पातळच करतं, म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी, त्यामुळे फ्री-फ्लो लावणाऱ्यांनी दुप्पट सावध राहावं.

स्प्रॉकेटचं, म्हणजे चेनच्या दातेरी चक्राचं, थोडक्यात. हायवेला गाडी शांत पळावी म्हणून पुढे एक दात वाढवतात, सोळा-अठरा दातांत एक दात म्हणजे पाच-सहा टक्के फरक. मुंबई-गोवा हायवेला बरं वाटेल, पण कुंभार्ली घाटात डबलसीट चढताना चौथा सोडून तिसरा, तिसरा सोडून दुसरा करत बसाल. कोकणात राहणाऱ्यानं कंपनीचाच ठेवावा असं माझं स्पष्ट मत.

ऑईल स्वस्तात मिळालं म्हणून कारचं घालू नका. यूसीई इंजिनात क्लच त्याच ऑईलमध्ये बुडालेला असतो, कारच्या बऱ्याच ऑईलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात, त्यानं क्लच सुटतो, रेस वाढते पण गाडी पुढे जात नाही. डब्यावर १५डब्ल्यू-५० (ऑईलचा जाडपणा) आणि जासो एमए (ऑईलमध्ये बुडालेल्या क्लचला चालणारं) लिहिलेलं बघूनच घ्या. आणि कुणी यूसीईचे "टॅपेट सेट करून देतो, पिकअप वाढेल" म्हणालं तर तिथून निघा, त्यात ऑईलच्या दाबानं आपोआप जुळणारे हायड्रॉलिक लिफ्टर आहेत, सेट करायला काही नसतंच. ते काम जुन्या कास्ट आयर्न बुलेटचं.

टायरच्या बाबतीत तर मी हात जोडून सांगेन. मागे कंपनीचा ११०/९०-१८ असताना दिसायला भारी म्हणून १३० चा टायर त्याच रिमवर चढवतात, टायर कडेनं आवळला जातो, त्याचा आकार बदलतो, वळणात गाडी झुकायलाच मागत नाही. आंब्या-फणसाच्या सावलीतला शेवाळलेला रस्ता आणि त्यावर वाहून आलेली तांबडी माती, तिथं रुंद टायर वाचवत नाही, चांगल्या रबराचा बरोबर मापाचा टायर आणि बरोबर हवा वाचवते. त्याच पैशात नवीन डिस्क पॅड, मागचे लायनर आणि ब्रेक ऑईल होतं. हे डॉट-४ ब्रेक ऑईल हवेतलं पाणी शोषतं, दोन वर्षांनी बदलाच, नाहीतर परशुराम घाट उतरताना ब्रेक गरम झाला की लिव्हर स्पंजासारखा आत जातो. उतारावर क्लच दाबून गाडी सोडू नका, चढताना जो गिअर लागला तोच उतरताना लावा.

लाईटचं एक राहिलं. ६०/५५ वॅटच्या जागी १००/९० चा बल्ब लावला की ५ अँपिअरच्या जागी ८ च्या वर करंट त्याच बारक्या वायरीतून आणि स्विचमधून जातो, होल्डर वितळतो, आणि हे घडतं रात्री. जास्तीचे दिवे लावायचेच तर बॅटरीपासून वेगळी वायर, रिले आणि फ्यूज घालूनच लावा. कनेक्टर सोडवलेलेच असतील तर हिरवा गंज घासून व्हॅसलिनचा पातळ हात द्या.

आणि समुद्राच्या पुळणीवर गाडी घालू नका, फोटो कितीही छान येऊ दे. गेलीच, किंवा दाभोळ-धोपावे फेरीबोटीत खारे शिंतोडे उडाले, तर घरी आल्या आल्या विहिरीच्या गोड्या पाण्यानं साध्या बादलीनं धुवा, प्रेशर मारू नका, त्यानं बेअरिंगच्या सीलमधून पाणी आत जातं. मग चेन पुसून तेल, स्पोकच्या मुळाशी ऑईलचं फडकं, आणि एक छोटा फेरा मारून ड्रम सुकवूनच गाडी आत लावा.