डिस्चार्ज बुकात राहून गेलेलं मेडल रेकॉर्डवर कसं चढवून घ्यायचं

मेडल रेकॉर्डवर चढतं ते एका कागदाच्या आधारानं, आणि तो कागद म्हणजे पार्ट टू ऑर्डर. जवानाची बदली, बढती, रजा, जखम, लग्न, मुलंबाळं, पदकं, सगळं युनिट पार्ट टू ऑर्डर काढून जाहीर करतं. तिची प्रत रेकॉर्ड ऑफिसला, म्हणजे जवानांच्या नोंदी सांभाळणाऱ्या कचेरीला जाते आणि तिथला क्लर्क त्यावरून शीट रोलमध्ये, म्हणजे जवानाच्या नोकरीच्या नोंदपत्रात, नोंद घेतो. निवृत्तीच्या वेळी डिस्चार्ज बुक भरतात ते शीट रोल समोर ठेवून. तेव्हा बुकात मेडल नसेल तर चूक याच साखळीत कुठेतरी झालेली असते. ऑर्डर निघालीच नसेल, निघाली पण नंबर चुकला असेल, बरोबर निघाली पण शीट रोलवर चढली नसेल, नाहीतर शीट रोलवर आहे आणि बुक भरताना गळली असेल. चारही दुखणी वेगळी आणि त्यांची औषधंही वेगळी. कोणतं दुखणं आहे हे न पाहता अर्ज ठोकला की नोंद उपलब्ध नाही असं दोन ओळींचं पत्र येतं, आणि सत्तरी-ऐंशीतला माणूस हिरमुसून विषय सोडून देतो. हे मला सहन होत नाही, कारण त्यातली कितीतरी प्रकरणं सुटण्यासारखी असतात.

म्हणून पहिली सूचना: प्रतिज्ञापत्र करू नका. पुण्यात शिवाजीनगर कोर्टाबाहेर टाइप करून, नोटरीचा शिक्का मारून 'मी अमुक लढाईत होतो' असं लिहून पाठवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तुमच्या शपथेवर विश्वास ठेवून मेडल चढवण्याचा अधिकार रेकॉर्ड ऑफिसरला नाही. नावातली किंवा जन्मतारखेतली तफावत असेल तर प्रतिज्ञापत्र लागतं. मेडलसाठी त्याचा उपयोग शून्य.

मेडलचं पूर्ण नाव लिहा

'७१ चं मेडल राहिलंय' असं म्हणून भागत नाही. १९७१ साठी पूर्वी स्टार, पश्चिमी स्टार आणि संग्राम मेडल अशी तीन वेगळी पदकं आहेत. स्टार प्रत्यक्ष लढाईच्या क्षेत्रातल्यांना. संग्राम मेडलचा पैस मोठा, ३ डिसेंबर १९७१ ते २० डिसेंबर १९७२ या काळात ठरवून दिलेल्या सीमावर्ती राज्यांत सेवा केलेल्यांना. १९६५ चंही तसंच: समर सेवा स्टार लढाईच्या क्षेत्रासाठी आणि रक्षा मेडल त्याहून बऱ्याच जास्त लोकांना. बुकात स्टार आहे पण सोबतचं मेडल नाही, असं दिसलं तर तिथे बहुतेक वेळा नोंद राहिलेली असते. हे प्रकरण सर्वांत सोपं.

आद्याक्षरं अजिबात वापरू नका. जुन्या बुकात 'एसएसएम' एवढंच लिहिलेलं असतं. ते सैन्य सेवा मेडल असू शकतं, सामान्य सेवा मेडल असू शकतं आणि स्पेशल सर्व्हिस मेडलही असू शकतं. क्लर्कनं एकाचं दुसरं समजून 'नोंद आधीच आहे' असं कळवलं की सहा महिने वाया.

क्लॅस्पकडेही, म्हणजे मेडलच्या फितीवरच्या क्षेत्राचं नाव लिहिलेल्या पट्टीकडेही बघा. सैन्य सेवा मेडल एकदाच मिळतं. नंतर दुसऱ्या क्षेत्रात सेवा झाली की त्याच्या फितीवर चढतो तो फक्त क्लॅस्प. 'जम्मू-काश्मीर' आहे पण 'हिमालय' नाही, अशा वेळी मेडल मागू नका, क्लॅस्प मागा. आणि लष्करप्रमुखांचं कमेंडेशन कार्ड हे मेडल नव्हे, त्याचा अर्ज वेगळा करा.

शौर्यपदकाची वाट निराळी. वीर चक्र, शौर्य चक्र, सेना मेडल यांची अधिसूचना भारताच्या राजपत्रात निघते, म्हणून तिथे राजपत्राची तारीख आणि अधिसूचना क्रमांक हाच आधार. त्याला मासिक भत्ताही असतो, त्यामुळे नोंद झाल्यावर पेन्शनच्या कागदातही ती जायला हवी. मोहिमेच्या मेडलनं पेन्शन एका रुपयानंही वाढत नाही. ते घरात आधीच सांगून ठेवा.

कोणतं रेकॉर्ड ऑफिस

पुण्यात राहता म्हणून तुमचे कागद पुण्यात असतील असं नाही. बॉम्बे सॅपर्सचं रेकॉर्ड ऑफिस खडकीला, मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, तोफखान्याचं नाशिक रोडला, महार रेजिमेंटचं सागरला, सिग्नल्सचं जबलपूरला, गार्ड्सचं कामठीला. पूना हॉर्सच्या नावात पुणे असलं तरी कागद आर्मर्ड कोअरच्या (रणगाडा दलाच्या) रेकॉर्डला, म्हणजे अहिल्यानगरला. नौदलाच्या खलाशांचे मुंबईला, हवाई दलाचे दिल्लीत सुब्रोतो पार्कला. लष्करी अधिकाऱ्यांचे कागद रेजिमेंटकडे नसतात, ते दिल्लीला सेना मुख्यालयात.

डीएससीत (डिफेन्स सिक्युरिटी कोअरमध्ये) दुसरी नोकरी केलेल्यांचा इथे घोळ होतो. दुसऱ्या नोकरीचं डिस्चार्ज बुक कन्नूरच्या रेकॉर्डनं दिलेलं असतं, म्हणून लोक तिकडे लिहितात. १९७१ ची नोंद पहिल्या नोकरीच्या रेकॉर्डलाच व्हायला हवी. तिथे झाली की मग त्या पत्राची प्रत कन्नूरला पाठवा.

आधी शीट रोलची प्रत, मग अर्ज

पहिलं पत्र मेडल मागण्यासाठी लिहूच नका. आपल्या शीट रोलमधलं पदकांचं पान आणि युनिट-बदल्यांचं पान, यांची साक्षांकित प्रत मागा. उत्तर आलं नाही तर माहिती अधिकारात १० रुपये भरून तेच मागा. सैन्यदलांसाठी ऑनलाइन अर्ज चालतो, उत्तराची मुदत ३० दिवस. 'मला मेडल का दिलं नाही?' असा प्रश्न माहिती अधिकारात विचारू नका. त्या कायद्यानं असलेला कागद मिळतो, नसलेलं कारण मिळत नाही.

पेन्शन न घेता बाहेर पडलेल्यांची कागदपत्रं २५ वर्षांनंतर नियमाप्रमाणे नष्ट केलेली असू शकतात. तसं उत्तर आलं तर तिथे थांबू नका, लाँग रोलचा, म्हणजे जवानांच्या मूळ नोंदवहीचा उतारा मागा. तो जपून ठेवला जातो.

पार्ट टू ऑर्डर शोधणं

खरी मेहनत इथे आहे, आणि नव्वद टक्के लोक इथेच अडतात.

हातात शीट रोल आला की त्यात तुमचं मेडल आहे का ते बघा. असेल तर काम संपल्यातच जमा: बुकात उतरवून द्या, एवढंच मागायचं. नसेल तर तुमच्याच पलटणीतला, त्याच काळात त्याच कंपनीत असलेला, आणि ज्याच्या बुकात ते मेडल आहे असा माणूस शोधा. मेडलची पार्ट टू ऑर्डर एकेका जवानासाठी निघत नाही, सहसा एका ऑर्डरला शे-दीडशे नावांची यादी जोडलेली असते. सोबत्याच्या शीट रोलवर मेडलच्या नावापुढे ऑर्डरचा क्रमांक आणि तारीख लिहिलेली असते. तो क्रमांक म्हणजे तुमची किल्ली. सोबत्याला स्वतःच्या पानाची प्रत मागायला सांगा. दुसऱ्याचे कागद तुम्हाला कोणी देणार नाही.

पुण्यात असा सोबती शोधणं अवघड नाही. रेजिमेंटच्या स्थापनादिनाचं स्नेहसंमेलन, सैनिक कल्याण कार्यालयातली गर्दी, कॅन्टीनची रांग, पलटणीचे व्हॉट्सॲप गट, कुठेतरी धागा लागतोच. सातारा, सांगली, कोल्हापूरकडचे लोक असतील तर गावच्या माजी सैनिक संघटनेत विचारा.

क्रमांक मिळाला की रेकॉर्ड ऑफिसला एवढंच लिहा: अमुक युनिटची, अमुक क्रमांकाची, अमुक तारखेची पार्ट टू ऑर्डर आणि तिची जोडयादी तपासून माझं नाव आहे का ते कळवावं. आता क्लर्कला गठ्ठ्यातून एक ठरावीक कागद काढायचा असतो, म्हणून तो निघतो. 'माझ्या नोंदी तपासा' एवढंच म्हटलं तर तो तुमचाच शीट रोल परत बघतो आणि परत 'नाही' म्हणतो.

यादीत नाव असूनही शीट रोलवर का चढत नाही? मुख्य कारण नंबर. जवान असताना सात-आठ आकडी नंबर आणि शेवटी एक अक्षर असतं. नायब सुभेदार झालं की नंबर बदलून जेसी-नं सुरू होणारा मिळतो. १९७२-७३ च्या यादीत जुना नंबर, आणि आज रेकॉर्डवाले शोधतात नव्या नंबरानं. म्हणून प्रत्येक पत्रात दोन्ही नंबर, मेडलच्या वेळचं पद आणि निवृत्तीचं पद, दोन्ही लिहा. दुसरं कारण नाव. एकीकडे 'बबन जाधव', दुसरीकडे 'बबनराव गणपत जाधव', आणि इंग्रजीत जाधवचं स्पेलिंग तीन प्रकारांनी. तिसरं कारण नंबरमधला एक चुकलेला आकडा. तसं असेल तर ती नोंद भलत्याच माणसाच्या नावावर गेलेली असू शकते. अशा वेळी युनिटला दुरुस्तीची पार्ट टू ऑर्डर काढावी लागते. ती रेकॉर्ड ऑफिसनं युनिटकडून मागवायची असते, तुम्ही युनिटच्या मागे धावायचं नाही.

यादीत नावच नसेल तर बघा की यादी बनली तेव्हा तुम्ही कुठे होतात. मेडलच्या याद्या लढाईनंतर महिन्या-महिन्यांनी, कधी वर्षांनी बनल्या. त्या वेळी कोणी इस्पितळात होतं, कोणी कोर्सवर, कोणी दुसऱ्या ठिकाणी बदलून गेलेलं. जुन्या युनिटनं 'आता इथे नाही' म्हणून वगळलं, नव्या युनिटनं 'तेव्हा इथे नव्हता' म्हणून वगळलं. राष्ट्रीय रायफल्समध्ये डेप्युटेशनवर गेलेल्यांचंही असंच होतं: ऑर्डर राष्ट्रीय रायफल्सच्या बटालियननं काढायची, लोक शोधतात मूळ पलटणीत. शीट रोलमधलं युनिट-बदल्यांचं पान मागायला सांगितलं ते यासाठी. कोणत्या तारखेला कोणत्या युनिटच्या पटावर होतात ते त्यावरून सिद्ध होतं, आणि मेडलच्या अटींत सगळा भर त्या तारखांवर आणि दिवसांवर असतो. हाय अल्टिट्यूड मेडलला ९,००० फुटांवरचे एकूण १८० दिवस लागतात. १७२ भरत असतील तर भांडून फायदा नाही.

जोडपुरावा म्हणून मूव्हमेंट ऑर्डर, पे बुक, इस्पितळाचा कागद, रजेचा दाखला चालतो. घरच्या ट्रंकेत जुनी आंतर्देशीय पत्रं किंवा मनिऑर्डरची कुपनं असतील तर ती नीट बघा. त्यांवर फील्ड पोस्ट ऑफिसचा गोल शिक्का असतो, त्यात एफपीओचा नंबर आणि तारीख. प्रेषकाच्या पत्त्यात '९९ एपीओ' (एपीओ म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस) असेल तर माणूस पूर्वेकडे होता, '५६ एपीओ' असेल तर साधारण पश्चिम-उत्तरेकडे. एकट्या शिक्क्यावर मेडल मिळत नाही, पण कोणत्या युनिटची ऑर्डर शोधायची याची दिशा कळते. गणवेशातला फोटो मात्र पाठवू नका, त्यानं काहीच सिद्ध होत नाही.

अर्ज

एक पान, हिंदीत किंवा इंग्रजीत. मराठीत नको, बेळगावलासुद्धा टेबलावरचा क्लर्क कुठल्याही राज्यातला असू शकतो. एका अर्जात एकच मेडल. सोबत डिस्चार्ज बुकाच्या सर्व पानांची झेरॉक्स, पीपीओची (पेन्शन पेमेंट ऑर्डरची) प्रत, ओळखपत्र, ऑर्डरचा क्रमांक आणि तारीख. झेरॉक्सवर साक्षांकन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून घ्या आणि अर्जही त्यांच्या शिफारसपत्रासह पाठवा. जावक क्रमांक पडला की पाठपुरावा सोपा जातो. स्पीड पोस्टची पावती अर्जाच्या प्रतीला टाचून ठेवा.

माजी सैनिक हयात नसतील तर पत्नीनं अर्ज करायचा. मृत्यूचा दाखला आणि कुटुंब पेन्शनचा पीपीओ जोडायचा. पत्नीचं नावच रेकॉर्डवर चुकलेलं असेल तर आधी ते दुरुस्त करून घ्या, दोन्ही एकदम मागितलं की दोन्ही अडकतं.

मूळ डिस्चार्ज बुक पोस्टानं पाठवू नका. रेकॉर्ड ऑफिसनं लेखी मागितलं तरच, आणि तेही सगळ्या पानांची रंगीत प्रत काढल्यावर. शक्य असेल तर स्वतः घेऊन जा. खडकी तर शहरातच, नाशिक-नगरचं काम एका दिवसात होतं. आणि बुकात स्वतः किंवा कोणा ओळखीच्या क्लर्ककडून पेनानं काहीही लिहून घेऊ नका. रेकॉर्ड ऑफिसरची सही, शिक्का आणि ऑर्डर क्रमांक नसलेली ओळ खाडाखोड धरली जाते, मग बाकीच्या खऱ्या नोंदींवरही संशय येतो.

उत्तर आलं नाही तर

दोन महिन्यांनी स्मरणपत्र, त्यानंतर महिन्यानं दुसरं, मग सीपीग्राम्स या केंद्र सरकारच्या तक्रार पोर्टलवर तक्रार. तक्रारीत नवी कहाणी लिहू नका, आधीच्या पत्रांच्या तारखा लिहा. लेखी नकार आला तर सशस्त्र दल न्यायाधिकरणाचं मुंबई खंडपीठ आहे. नकाराच्या आदेशापासून सहा महिन्यांत जावं लागतं. तिथेही पहिला प्रश्न पार्ट टू ऑर्डरचाच येणार, तेव्हा ती न शोधता वकिलाकडे जाऊ नका.

नोंद झाल्यावर

नोंद होणं आणि मेडल हातात पडणं ही दोन कामं आहेत. नोंदीचं पत्र आलं की मेडलच्या पुरवठ्याची वेगळी मागणी करा, आणि त्याला वेळ लागतो हे धरून चाला. तोवर कॅम्पातल्या लष्करी सामानाच्या दुकानातून प्रतिकृती घेऊन लावली तर चालेल, पण नोंदीचं पत्र हातात आल्यावरच.

पत्र आलं त्याच दिवशी नंबर, पद, नावाचं स्पेलिंग, मेडलचं पूर्ण नाव, क्लॅस्प आणि ऑर्डरची तारीख एकेक करून ताडून बघा. सरकारी मेडलच्या कडेवर नंबर, पद आणि नाव कोरलेलं येतं, आणि ते या पत्राबरहुकूम कोरतात. चूक असेल तर त्याच आठवड्यात परत कळवा.