घरात प्रार्थनेसाठी शांत कोपरा कसा करावा

प्रार्थनेसाठी स्वतंत्र खोलीच हवी असे मुळीच नाही. दोन माणसांना मांडी घालून बसता येईल एवढी जागा पुरते, मात्र ती आधी कानांनी निवडावी आणि मग डोळ्यांनी. त्यासाठी पहाटे आणि दिवेलागणीला घरभर फिरून मोटार, मिक्सर आणि टीव्ही यांचे आवाज कुठे पोहोचतात ते पाहावे. मराठवाड्यात उन्हाळ्याचे तीन-चार महिने कूलर हीच मोठी अडचण असते, कारण त्याची घरघर तर असतेच, शिवाय त्याच्या थेट झोतात समईची वात टिकत नाही. म्हणून कोपरा झोताच्या आड, पण गारवा पोहोचेल इतपत जवळ ठेवावा.

जुन्या माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या, घरात हातभर जाडीच्या मातीच्या भिंती ऊन आणि आवाज दोन्ही अडवतात. अशा भिंतीत देवळी, म्हणजे दिवा-देव ठेवायचा कोनाडा, असेल तर दुरुस्तीच्या वेळी ती बुजवू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. सिमेंटच्या घरात उघड्या भिंती आणि गुळगुळीत फरशी आवाज परत फेकतात. तिथे खाली घोंगडी किंवा सतरंजी अंथरावी, दाराला जाड पडदा लावावा, दाराखालची फट जुन्या लुगड्याच्या घट्ट गुंडाळीने बंद करावी आणि बाहेरच्या गोंगाटाकडील भिंतीला भरलेले कपाट लावावे. दिवा पडद्यापासून चांगला लांब ठेवावा आणि उदबत्ती लावल्यास खिडकी थोडी उघडी असू द्यावी. कोंदटलेल्या धुरात मन लागत नाही आणि दम्याच्या माणसाला तर तिथे बसवतही नाही.

मांडणी ज्याच्या त्याच्या उपासनेप्रमाणे करावी. नमाजाची चटई आपल्याकडे पश्चिमेस, किंचित उत्तरेकडे कललेली अंथरतात, तेव्हा त्या बाजूला ये-जा नसावी. त्रिशरण-पंचशील म्हणणाऱ्यांनी बुद्धमूर्ती आणि बाबासाहेबांची प्रतिमा बसल्यावर नजरेसमोर येईल अशी ठेवावी. हरिपाठ सगळ्यांनी मिळून म्हणायचा असेल, तर कोपऱ्यापेक्षा ओसरी बरी.

जागेइतकीच वेळ महत्त्वाची आहे. ती घरातल्या सर्वांशी बोलून ठरवावी, सुनेच्या स्वयंपाकाची आणि मुलांच्या अभ्यासाची घाई बघूनच ठरवावी, आणि तेवढा वेळ मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवावा. गुडघे दुखणाऱ्या आजी-आजोबांसाठी तिथे एक टेकायची खुर्ची कायमची असावी. रोज कुणाकडे तरी ती मागावी लागली, तर ते हळूहळू यायचेच बंद होतात.